फकिराची तलवार आणि बाबासाहेबांची लेखणी

आपल्या मुलांना इतिहासातल्या धाडसाच्या गोष्टी फार आवडतात. घोडा, तलवार, रात्रीचा छापा असे काही आले की अभ्यासाला कंटाळणारे पोरही पुस्तक खाली ठेवत नाही. पण या गोष्टींतला शूर माणूस कोण असतो? राजा किंवा सरदार. गावकुसाबाहेरचा माणूस आलाच तर मशाल धरायला, नाहीतर मेलेले ढोर ओढायला. आपले मूल त्या गोष्टीत आपल्या आज्या-पणज्याला शोधते आणि तो तिथे सापडत नाही.

ही उणीव भरून काढणारा लेखक आपल्याच मातीत होऊन गेला. त्यांचे नाव लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. दरवर्षी १ ऑगस्टला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. पण हार घालणाऱ्या किती घरांत त्यांचे एखादे पुस्तक आहे? मुलांशी त्यांची खरी भेट पुस्तकातूनच व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

दीड दिवसाची शाळा

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आहे. मातंग समाजातल्या या मुलाची शाळा दीड दिवसात सुटली, असे सांगतात. पुढे वडिलांबरोबर ते पायी चालत मुंबईला आले. कोळसा वेचला, ओझी वाहिली, फेरी केली, गिरणीत काम केले. अक्षर ओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचता वाचता. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून याच माणसाने तीसपेक्षा जास्त कादंबऱ्या लिहिल्या. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले.

घरात अभ्यासाला जागा नाही, शिकवणी परवडत नाही, असे म्हणून हिरमुसणाऱ्या मुलाला हे आवर्जून सांगावे. लेखक म्हणजे मोठ्या बंगल्यातला कोणी वेगळा माणूस, ही समजूत त्याच दिवशी गळून पडेल.

वारणेच्या खोऱ्यातला नायक

१९५९ साली अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी आली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. फकिरा हा कल्पनेतला माणूस नव्हे. वारणेच्या खोऱ्यात इंग्रजी अमलात तो खरोखर होऊन गेला आणि अण्णाभाऊंच्या नात्यातलाच होता. त्याच्या जीवनावर लेखकाने कादंबरी रचली.

कथा अशी आहे. फकिराचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी दुसऱ्या गावाहून जोगणी आणायला जातो आणि त्या कामी प्राणाला मुकतो. फकिरा वाढतो तो आई राधाच्या हाताखाली. पुढे दुष्काळ पडतो. माणसे अन्नावाचून तडफडतात, तर दुसरीकडे धान्याची कोठारे भरलेली असतात. फकिरा आणि त्याचे साथीदार कोठार फोडतात आणि धान्य भुकेल्यांना वाटतात. मग इंग्रज सरकारचा खजिना लुटतात. सरकार पेटून उठते. मांगवाड्यातली बायका-माणसे, म्हातारीकोतारी, लेकरे डांबून ठेवली जातात. आपल्यापायी निरपराधांचे हाल होताहेत हे कळताच, कोणाच्या हाती न लागणारा फकिरा आपण होऊन सरकारपुढे हजर होतो.

मुलांना यात घोडदौड मिळेल, छापे मिळतील. पण त्याबरोबर एक कठोर सत्यही कळेल. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. जातीमुळे रोज हजेरी देण्याची पाळी माणसावर आली की त्याच्या मनाचे काय होते, ते या पुस्तकात दिसते. तो कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. आणखी एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. या कादंबरीतले विष्णुपंत कुलकर्णी हे ब्राह्मण असूनही गोरगरिबांच्या बाजूने उभे राहतात. अण्णाभाऊंनी माणूस जातीवरून तोलला नाही, वागण्यावरून तोलला.

तलवारीचे काय?

पंचशील घेणाऱ्या घरात लुटीची नि तलवारीची कथा कशाला, असे एखादी आई विचारील. प्रश्न रास्त आहे. मुलांनाच तो विचारू द्या. फकिराने स्वतःसाठी काय ठेवले? तो शेवटी हजर का झाला? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तो या निमित्ताने समजावून सांगता येईल.

दुसरे असे की फकिरापाशी मत नव्हते, संविधान नव्हते. दाद मागावी तर ऐकणारे कोणी नव्हते. आपल्यापाशी हे सारे आहे. संविधानाचे मार्ग खुले असताना संविधानबाह्य मार्गांना जागा नाही, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. आणि तलवारीची ही कथा अण्णाभाऊंनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. फकिराच्या हातात तलवार होती, त्याच्या नातलगाने लेखणी उचलली आणि ती बाबासाहेबांच्या चरणी ठेवली. मुलांनी घ्यावयाचा धडा तो हाच.

दोन वस्त्या, एक पुस्तक

अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीत वाढले. त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. म्हणून ते परके ठरत नाहीत. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. तरीही आज पुष्कळ गावांत बौद्धवाडा आणि मातंगवाडा यांच्यात बोलणे कमी आणि गैरसमज जास्त आहेत. जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या. मोठ्यांच्या मनातले अंतर एका सभेने मिटत नाही. दोन्ही वस्त्यांतली मुले एका सतरंजीवर बसून एकच पुस्तक वाचू लागली, तर मात्र ते कमी होईल.

याला खर्चही फारसा नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतेच आणि अण्णाभाऊंची जयंतीही त्याच काळात येते. आठवड्यातून एक दिवस वाचन संपल्यावर अर्धा तास मुलांसाठी ठेवावा. शेजारच्या वस्तीतल्या मुलांना निरोप द्यावा. वाचता येणाऱ्या ताई-दादाने ‘फकिरा’चे एक प्रकरण मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. गावाकडची बोली अडली तर आजीला विचारावे. आजीलाही बरे वाटेल. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना हे पुस्तक झेपते. लहानग्यांना गोष्ट तोंडी सांगावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ साली अण्णाभाऊंचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले आहे. त्याची प्रत विहाराच्या वाचनालयासाठी मिळवावी.

२०२२ साली मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. वाटेगावचा लेखक तिथवर पोचला. आता तो आपल्या विहारातल्या कपाटात पोचायला हवा. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून हारांबरोबर दोन पुस्तकेही घ्या, एवढीच आमची विनंती.

जयभीम!