आधी भिंत सारवा, मग काडी धरा

बोरीवलीत वारली चित्र कुठे नसतं? सोसायटीच्या जिन्यात, साडीच्या दुकानात, शाळेच्या कुंपणावर. रोज दिसतं, म्हणून माझ्या टेक्स्टाइल डिझाइनच्या मुलांना वाटतं, हे तर आपल्याला येतंच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल डोकं, बारीक हातपाय, झाला माणूस!

म्हणूनच दरवर्षी मी त्यांना बोरीवलीहून डहाणूची गाडी पकडून एका पाड्यावर नेते. तिथल्या चित्रकार मावशी आल्या आल्या कुणाला काडी देत नाहीत. आधी कुडाची भिंत शेणाने सारवायची, मग तिच्यावर गेरू. तांदूळ वाटून पीठ कालवायचं, त्यात थोडा डिंक. “पातळ झालं तर ओघळंल, जाड झालं तर पापुद्रे निघतील,” मावशी बजावतात. बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला होतो. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. रेघ चुकली तर पुढच्या रेघेने सांभाळून घ्यायची.

हात बसला की मावशी लग्नचौकाबद्दल सांगतात. लग्नघरी सवासिनी तो काढतात, मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. नुसती नक्षी गोळा करायला आलेली मुलं इथे वही बाजूला ठेवतात.

भिंतीवरचं हे चित्र कागदावर आलं ते १९७०च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोहोचले, कागद आणि रंग आले. बायकांच्या या कलेत गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी आपलं विश्व उभं केलं. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत किंवा पवईला आयआयटीच्या डिझाइन विभागात विद्यार्थी कारागिरांकडे जाऊन हस्तकलांची तपशीलवार नोंद करतात. हे काम मोलाचं आहे. पण नोंदीचे गुण विद्यार्थ्याला मिळतात, कारागिराच्या पदरात काय पडतं? माझं म्हणणं एवढंच, की शिकवणाऱ्या कारागिराला शिक्षकाचा अधिकार हवा, आणि त्यात ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही आला.

एका मुलीने पडद्याच्या कापडासाठी लग्नचौक घेतला होता. मावशी म्हणाल्या, “देवीला खिडकीत नको टांगू, पोरी. तारपा घे.” मुलगी हिरमुसली, पण तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा कापडावर असा काही फिरला, की पडद्याच्या चुण्यांतही तो तुटत नव्हता.

आता मूल्यमापनाला मावशी परीक्षक म्हणून येतात. मानधन इतर परीक्षकांएवढंच. कॉलेजच्या अर्जात ‘पदवी’ असा एक रकाना आहे. तो मी कोरा सोडते आणि रक्कम पूर्ण लिहिते.