गिनीपिग : साथीच्या काळातील निगा

गिनीपिग (कॅव्हिया पोर्सेलस) हा मूळचा द. अमेरिकेतील कृंतक (कुरतडणारा) प्राणी प्रयोगशाळांत व घरांत पाळला जातो. माणसांच्या काही श्वसनरोगांची बाधा त्याला माणसाकडून होऊ शकते. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात कँप कोडी या लष्करी तळाच्या प्रयोगशाळेतील गिनीपिग मरू लागल्याची नोंद आहे. मानवी इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस या प्राण्यात वाढतो व एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे पसरतो, हे २००६ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी दाखविले. बाधित प्राण्यात बाह्य लक्षणे बहुधा दिसत नाहीत.

म्हणून घरात रुग्ण असल्यास प्राण्याची देखभाल निरोगी व्यक्तीने करावी. ते शक्य नसल्यास रुग्णाने मुखपट्टी बांधून व हात साबणाने धुऊनच पिंजऱ्याजवळ जावे.

दुसरा धोका उपासमारीचा असतो. गिनीपिगाच्या पचन तंत्रास सतत तंतुमय चारा लागतो. एक दिवसाचा उपासही घातक ठरू शकतो. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याची रोजची गरज दर किग्रॅ. वजनास १०–३० मिग्रॅ. असते. यासाठी वाळलेल्या गवताचा साठा ठेवावा व ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी रोज द्यावी.

माणसांची औषधे त्यास देऊ नयेत. पेनिसिलीन, अँपिसिलीन इ. प्रतिजैव पदार्थ तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त सूक्ष्मजंतू नष्ट होऊन मृत्यू ओढवू शकतो. प्राणी खाईनासा झाल्यास किंवा त्यास धाप लागल्यास पशुवैद्याचा सल्ला त्वरित घ्यावा.