संशोधनातील पदे : पीएच.डी.नंतरची दोन-तीन वर्षे

पीएच.डी. मिळाल्यावर आणि कायम नोकरी लागण्याआधी एखाद्या संशोधन गटात मुदतीवर मिळणारे पद म्हणजे पोस्टडॉक. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची. पोस्टडॉक विद्यार्थी नसतो आणि प्राध्यापकही नसतो. वर्ग, परीक्षा, समित्या यांतून सुटलेला हा काळ पूर्णवेळ संशोधनाचा असतो. गटातील नव्या विद्यार्थ्यांना आकडेमोड शिकवण्याचे कामही बऱ्याचदा त्याच्याकडेच येते.

या पदावरचे काम कसे असते, ते १४ सप्टेंबर २०१५ च्या एका घटनेतून दिसते. जर्मनीतील हानोफर येथे मार्को ड्रागो हे पोस्टडॉक होते. दुपारी बाराच्या सुमारास संगणकाने आपोआप पाठवलेली सूचना त्यांच्यापुढे आली : अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या दोन्ही लायगो यंत्रांत जवळजवळ एकाच क्षणी एकसारखा संकेत. तो इतका ठळक होता, की चाचणीसाठी कुणी मुद्दाम घातला असावा, असे त्यांना वाटले. शेजारच्या सहकाऱ्याला घेऊन त्यांनी नोंदी तपासल्या, अमेरिकेत फोन लावला. तशी कोणतीही चाचणी चालू नव्हती. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती गुरुत्वीय लहर होती. मानवाने टिपलेली पहिली लहर सर्वांत आधी पाहिली ती मुदतीच्या पदावरच्या एका तरुणाने.

त्याच जातीचे यंत्र मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे उभे राहायचे आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, टोकाला टांगलेले आरसे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रकल्पात पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था आहे, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्थाही आहेत. गोंगाटातून असा संकेत वेचण्याच्या गणितावर भौतिकशास्त्रज्ञ संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मूलभूत लेख लिहिला होता.

खगोलशास्त्रातील पोस्टडॉकचे अर्ज बहुतेक हिवाळ्याच्या तोंडावर भरले जातात. संशोधनाचा आराखडा आणि तीन शिफारसपत्रे लागतात. पत्रे लिहिणाऱ्यांनी काम जवळून पाहिलेले असणे फार महत्त्वाचे. भारतात रिसर्च असोसिएट म्हणून काम करणाऱ्या पोस्टडॉकचे मानधन २०२३ पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये, शिवाय घरभाडे. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी मात्र पोस्टडॉक सक्तीचा नाही. नेट, सेट किंवा पीएच.डी. चालते. त्यामुळे मराठवाड्यातील अनेक हुशार विद्यार्थ्यांना ही वाट कुणी सांगतच नाही. यात त्यांचे नुकसान मोठे आहे, कारण संशोधन संस्थांत कायम जागेसाठी पोस्टडॉकचा अनुभव जवळपास गृहीत धरतात.

अडचण मुदतीचीच आहे. यंत्र बांधायला लागणारी वर्षे एका पोस्टडॉकच्या मुदतीत मावत नाहीत. म्हणून दुधाळ्याच्या यंत्रासाठी तयार होणारा संशोधक आज हॅनफर्ड-लिव्हिंगस्टनच्या नोंदी चाळतो, किंवा आरसे स्थिर ठेवण्याच्या नियंत्रणाचे संगणकीय प्रारूप बांधतो.