रूट कॅनॉलनंतर दाढ का चिरते?

श्रीवर्धनची रोठा सुपारी फोडायला अडकित्ता आहे आणि चिंबोरीचा नांगा ठेचायला वरवंटा. तरी रायगडच्या किनाऱ्यावर ही दोन्ही कामे दातांकडून करून घेणारी माणसे कमी नाहीत. त्यातल्या कुणाची रूट कॅनॉल केलेली दाढ दोन-चार वर्षांत उभी चिरली, की निदान घरच्या घरीच होते: नस काढली, दात मेला, वाळला, ठिसूळ झाला. आज हा समज तपासू, कारण त्याच्यापायी वाचण्याजोगे दात उपटले जातात.

दात वाळतो असे एके काळी संशोधकांनाही वाटे. १९७२ साली कुत्र्यांच्या दातांवर झालेल्या तपासणीत नस नसलेल्या दातांत पाणी सुमारे ९ टक्के कमी आढळले होते. माणसांच्या दातांत मात्र पुढे तसा लक्षणीय फरक सापडला नाही. १९९२ साली सेजली आणि मेसर यांनी २३ जोड्या तपासल्या: एक दात रूट कॅनॉल झालेला, दुसरा त्याच माणसाचा, जबड्याच्या पलीकडच्या बाजूचा धडधाकट जोडीदार. धडधाकट दाताचे डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा पिवळसर थर, जेमतेम ३.५ टक्के जास्त कठीण भरले. बाकी कसोट्यांत दोघे जवळपास सारखेच. खरा उलगडा १९८९ च्या एका प्रयोगात आहे. उपदाढेत रूट कॅनॉलसाठी केलेल्या छिद्राने तिचा ताठपणा ५ टक्के घटला. पण पुढची आणि मागची कड कापून मोठी पोकळी केली तेव्हा तो ६३ टक्के घटला. पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजू काढल्या की उरलेल्या दोन बाहेर फाकतात, तसे दाढेचे सुळके प्रत्येक घासाला फाकतात. या कडा बहुधा किडीनेच खाल्लेल्या असतात, रूट कॅनॉलच्या कितीतरी आधी.

दात खरोखर ठिसूळ होतो तो वयाने. डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्या मुळाच्या टोकाकडून खनिजाने बुजत जातात आणि मूळ काचेसारखे पारदर्शक दिसू लागते. किनी, नाल्ला आणि रिची यांनी २००५ च्या आसपास मोजले, तेव्हा अशा डेंटिनची चीर रोखून धरण्याची ताकद सुमारे २० टक्के कमी निघाली. नस जागेवर असलेल्या दाढांची मुळेही उभी चिरल्याचे तैवानातल्या दंतवैद्यांनी १९९० च्या दशकात नोंदवले. रुग्ण बहुतेक चाळिशीपुढचे होते.

मग नस काढल्याने काहीच बिघडत नाही का? बिघडते. मुळे धुण्याचे सोडियम हायपोक्लोराइट डेंटिनमधले कोलॅजन थोडे कमकुवत करते. शिवाय एका छोट्या प्रयोगात नस नसलेल्या दातांना दुखायला दुपटीहून जास्त भार लागला. म्हणजे नकळत जास्त जोर पडतो. पण दोन्ही कारणे गेलेल्या कडांपुढे दुय्यम आहेत. म्हणूनच कॅपचा आग्रह. कळ थांबली, आता पुन्हा खर्च कशाला, ही अडचण खरी आहे, आणि ती सांगणाऱ्या माणसाला हलगर्जी म्हणणे अन्यायाचे. तरी २००२ च्या एका पाहणीत कॅप नसलेले दात सुमारे सहापट प्रमाणात गमावले गेले होते. मुळात चांगल्या दातांनाच कॅप बसते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सहापट हा आकडा जसाच्या तसा धरू नये, पण दिशा नाकारताही येत नाही. पुढच्या दातांवर भार वेगळा असतो. तिथे छिद्र लहान असेल तर साधे भरणही पुरते. दाढेबाबत मात्र डॉक्टरांना आधीच विचारावे, की हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी भक्कम भिंत उरणार आहे का. कॅपची पकड तिथेच बसते. ती उरणार नसेल, तर दाढ काढण्याचा सल्ला मनावर घ्यायला हवा.