कडक बिअर आणि भरीव बिअर

बिअर म्हणजे उन्हाळ्यांत बर्फासारखी थंड करून घटाघटा प्यावयाचें पेय, आणि ‘स्ट्रॉंग’ बिअर म्हणजे तेंच पेय, पण अधिक चढणारें, अशी समजूत आपल्याकडे सर्वसाधारणपणें आढळते. या समजुतीमुळें एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. कडकपणा ही एक गोष्ट आहे आणि भरीवपणा ही दुसरी. कडक बिअरची पारख करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम हा भेद ध्यानांत घेतला पाहिजे.

तो कळण्यासाठीं बिअर कशी होते हें थोडक्यांत पाहावें लागेल. जव भिजवून त्याला मोड आणतात, तो वाळवतात आणि कमीअधिक भाजतात; यास माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यांत त्याचा अर्क उतरवितात, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें उकळतात, आणि अर्क निवल्यावर त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट अर्कांतील साखर खातें व तिचा मद्यार्क बनवितें. आतां मद्यार्क वाढविण्याचे मार्ग दोन. एक, माल्टच अधिक घालावें. माल्टमधील कांहीं शर्करा यीस्टला पचत नाहींत. त्या मागें उरतात आणि पेयाला दाटपणा व गोडवा देतात. दुसरा मार्ग साधी साखर घालण्याचा. ती यीस्ट जवळजवळ संपूर्ण फस्त करतें; मद्यार्क वाढतो, पेयाचें अंग मात्र पातळच राहतें. भारतांतील २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणें ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर ‘स्ट्रॉंग’ ठरते. बाटलीवरील हा शब्द मद्यार्काचें प्रमाण सांगतो. तो कोणत्या मार्गानें आला, हें जिभेलाच शोधावें लागतें.

भरीव बिअरची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकांत लंडनचे व्यापारी रशियाच्या दरबाराकडे काळीभोर, जोरदार स्टाउट पाठवीत. तिच्याच वंशाला आज ‘इम्पीरियल स्टाउट’ म्हणतात, आणि तींत बहुधा ८ ते १२ टक्के मद्यार्क असतो. महाराष्ट्रांत बिअरच्या या विविधतेची ओळख अलीकडची. २००९ सालीं पुण्यांत ‘डूलाली’ ही छोटी भट्टी सुरू झाली व ताज्या, निरनिराळ्या घडणीच्या बिअर लोकांपुढें येऊं लागल्या. हें नांवही मूळचें आपल्याच मातींतलें. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणींत गोऱ्या शिपायांच्या तोंडीं जो अपभ्रंश झाला, तोच हा शब्द.

पारख करतांना पहिला नियम असा, कीं भरीव बिअर अति थंड असूं नये. थंडीनें जीभ बधिर होते आणि सुगंध कोंडून राहतो. सुमारें १० ते १३ अंश सेल्सियस हें तापमान योग्य. पेला पोटाशीं रुंद व तोंडाशीं निमुळता असावा आणि अर्ध्याहून अधिक भरूं नये. वास आधीं घ्यावा, कारण हलके सुगंध लवकर उडून जातात. मग रंग व फेस पाहावा, आणि नंतर लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा. द्राक्षमद्याचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचा थोडा भाग गिळावा लागतो, कारण तिचा कडवटपणा उशिरां येतो व मागें रेंगाळतो.

चवीला नांवें देण्यासाठीं परक्या शब्दांची गरज नाहीं. काकवी, मनुका, खजूर, कॉफीचा भाजलेला दाणा, हे सर्व वास अशा बिअरमध्यें सांपडतात. काळ्या बिअरची खरी परीक्षा ‘खरपूस’ आणि ‘करपट’ या दोन शब्दांत आहे. बुलढाणा जिल्ह्यांत सुलतानपूरसारख्या गांवीं तव्यावर ज्वारीची भाकरी भाजणाऱ्या गृहिणीला हा भेद कोणी शिकवावा लागत नाहीं. माल्ट नेमकें भाजलेलें असेल तर चव खरपूस. त्यापुढें गेली कीं करपट, घशाला तुरट.

येथें पाण्याचाही संबंध येतो. काळें माल्ट किंचित् आम्लधर्मी असतें. म्हणून लंडन व डब्लिन येथील क्षारयुक्त पाण्यांत तें खुललें, तर फिकट बिअरला पिल्सनचें मृदु पाणी मानवलें. अर्थात् क्षारालाही मर्यादा आहे. सुलतानपूरपासून जवळच असलेल्या लोणार सरोवराइतकें खारें व अल्कधर्मी पाणी कोणत्याच भट्टीला चालणार नाहीं.

मद्यार्क चांगला मुरला असेल तर छातींत मंद ऊब जाणवते. घसा पोळला, तर आंबवण फार उष्णतेंत झालें असावें. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याची खूण, तर लोण्याचा वास बहुधा आंबवण अर्धवट राहिल्याची. स्पर्धांमध्यें प्रचलित असलेल्या एका पद्धतींत ५० गुणांपैकीं चवीला २०, वासाला १२, एकंदर परिणामाला १०, तोंडांतील स्पर्शाला ५ आणि रूपाला अवघे ३ गुण देतात. मद्यार्काच्या टक्केवारीला वेगळा गुण नाहीं, ही गोष्ट बोलकी आहे.

तथापि टक्केवारी विसरूनही चालत नाहीं. ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलींत ५ टक्क्यांप्रमाणें ३२.५ मिलिलिटर मद्यार्क असतो. १० टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट ३३० मिलिलिटर घेतली, तर ३३. म्हणजे निम्म्या मापांत तितकाच मद्यार्क पोटांत जातो, आणि गोडव्याच्या आड तो जाणवतही नाहीं. बिअर जितकी चांगली मुरलेली, तितका हा धोका अधिक. म्हणून जाणते लोक अशी बिअर चौघांत एक बाटली वांटून घेतात, मध्यें पाण्याचा घोट व भाकरीचा कोरडा तुकडा खातात, आणि वाहन दुसऱ्याच्या हातीं देतात. चौघांना मिळून एक बाटली पुरते, यांतच भरीवपणाची साक्ष आहे.