घाटातले पंक्चर आणि गाठोड्यातला डाग

व्यापारी माणूस आपल्या मालाचा भाव पैशापर्यंत सांगतो, पण तो माल ज्या वाहनावर फिरतो त्या वाहनाची त्याला फारशी माहिती नसते. चालते तोवर चालवायचे आणि बंद पडले की फिटरला हाक मारायची, ही आपली पद्धत. बाजारपेठेत ती चालून जाते. घाटात आणि परमुलखात मात्र फिटर कुठून आणणार? याबाबत आमच्या वाट्याला आलेला एक अनुभव फेरीच्या व्यापाऱ्यांना आणि कारागीर बांधवांना उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

म्हैसूरचे डी. कृष्णकुमार 2018 साली वडिलांनी दिलेल्या जुन्या बजाज चेतकवर आईला मागे बसवून तीर्थयात्रेला निघाले. भारतभर फिरून ते नेपाळ, भूतान, म्यानमार या परक्या देशांतही जाऊन आले. त्यांच्या मातृसेवेचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. आईच्या खिदमतीचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आमच्या व्यापारी नजरेला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसली. कारखान्याने बनवणे सोडून दिलेली स्कूटर सरहद्द ओलांडून फिरू शकते, ती कशाच्या बळावर?

साताऱ्याची प्रिया

त्याचे उत्तर आमच्या जिल्ह्यातच मिळते. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून 1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर बनू लागली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या अब्बांनीही अशीच वाट पाहून प्रिया घेतली. 2006 साली साताऱ्याचे हे उत्पादन थांबले, पण पाटणातील आमच्या दुकानासमोर ती गाडी पुढेही कित्येक वर्षे उभी असे.

प्रियाचा मूळ नमुना इटलीच्या व्हेस्पाचा. पिआज्जिओ कंपनीने 1946 साली व्हेस्पा काढली. तिचा आराखडा करणारे कोराडिनो द'आस्कानियो हे मुळात विमानांचे इंजिनिअर. मोटारसायकलचे चाक काढणे हा उपद्व्याप त्यांना पसंत नव्हता. म्हणून त्यांनी विमानाच्या चाकाप्रमाणे स्कूटरचे चाक एकाच बाजूने धरून ठेवले. ना चेन सोडवायची, ना आस ओढून काढायचा. नट सोडले की चाक हातात. पुढचे आणि मागचे चाक सारखेच, त्यामुळे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. रस्त्यावर उभे राहून मालकाने स्वतः दुरुस्त करावी, अशीच ही गाडी घडवलेली आहे. तिचे बळ यातच आहे.

कुंभार्ली घाटात

गोष्ट 1995 सालच्या मे महिन्याची. बकरी ईद झाली होती आणि मोहरमच्या आधी निकाह उरकण्याची सगळीकडे घाई होती. चिपळूणजवळच्या एका गावातील दुकानदाराने बावीस साड्यांची मागणी केली होती. शुक्रवारच्या नमाजआधी माल पोचवू, अशी जबान आम्ही दिली होती. आम्ही आणि आमचे चुलतभाऊ पहाटे पाटणाहून निघालो. एक गाठोडे पायाशी, दुसरे मागे बांधलेले. हेळवाक मागे टाकले, घाट उतरू लागलो आणि दुसऱ्याच वळणावर मागचे चाक बसले.

स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. चूक सर्वस्वी आमची. चार महिने तिच्याकडे पाहिलेही नव्हते. पण कराडच्या एका फिटर उस्तादांनी आम्हाला पंक्चर काढायला शिकवले होते आणि ठिगळाचे सामान व हातपंप डिकीत ठेवायला लावला होता. या गाडीच्या चाकाची रिम दोन भागांची असते आणि ते भाग नटांनी जोडलेले असतात. नट सोडले की ट्यूब सहज निघते. उस्तादांची सक्त ताकीद अशी, “शेठ, रिम उघडायच्या आधी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा, नाहीतर रिमचा तुकडा उडून तोंडावर बसेल.” तेवढे आम्ही पाळले.

मागचे चाक काढायचे तर गाडी इंजिनच्या बाजूला कलती करावी लागते. टेकू द्यायला जवळ दगड दिसेना, म्हणून घाईत साड्यांचे गाठोडेच खाली सरकवले. पेट्रोलचा कॉक बंद करायचे मात्र राहून गेले. तासाभराने ट्यूब जोडून गाडी उभी केली, तेव्हा गोणपाट ओले लागले. या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असते. पेट्रोल उडून जाते, ऑइल कापडात राहते. तीन साड्यांच्या काठावर तळहाताएवढे डाग पडले होते.

दाखवायचे की झाकायचे

चुलतभाऊ म्हणाले, “घडी उलटी घाला, डाग आत जाईल. लग्नाच्या गर्दीत कोण उलगडून बघतो?” खोटे कशाला बोलावे, क्षणभर आमच्याही मनात तेच आले. दिवाळीपासून धंदा मंदा होता आणि इचलकरंजीच्या मालाचे पैसे द्यायचे होते. पण मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतली ओल बोटांना लागली आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला. उर्दू शाळेत लहानपणी ऐकलेला हा धडा घाटाच्या वळणावर आमच्यापुढे उभा राहिला.

नमाजआधी अर्धा तास आम्ही दुकानात पोचलो. सर्वात आधी त्या तीन साड्या गादीवर पसरल्या आणि काय घडले ते सांगितले. दुकानदाराने स्तुती केली नाही की रागही केला नाही. दोन साड्या निम्म्या भावात ठेवून घेतल्या, तिसरी परत दिली आणि बिलातून रक्कम वजा केली. त्या फेरीचा सगळा नफा गेला, वर पदरचेही गेले. ती तिसरी साडी बरीच वर्षे आमच्या घरी राहिली. पुढच्या हंगामात त्याच दुकानातून पोस्टकार्ड आले. त्यात नमुना मागवला नव्हता, नुसता आकडा लिहिला होता.

डिकीत काय असावे

जुनी स्कूटर घेऊन दूर जाणाऱ्यांनी एवढे जवळ ठेवावे: चाकाच्या नटांसाठी 13 नंबरचा पाना, प्लग पाना, एक चांगला प्लग, काचपेपर, क्लच वायर, गिअर वायर, स्क्रूचे निपल, पक्कड, ठिगळाचे सामान, हातपंप आणि टेकूसाठी लाकडी ठोकळा. निघताना स्टेपनीची हवा बघावी. ओझे घेऊन घाट चढताना गाडी दम टाकू लागली, तर तिला थंड होऊ द्यावे आणि प्लग काढून त्यावरचा काजळ पुसावा. किक मारून दमलात आणि प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर कॉक बंद करावा, प्लग बाहेर ठेवून चार किक माराव्यात, मग कोरडा प्लग लावावा. वायर नकली घेऊ नये. थोडे पैसे वाचतात आणि अख्खा दिवस जातो.

2020 पासून ‘चेतक’ हे नाव विजेच्या स्कूटरवर आले आहे. तिची दुखणी नुसत्या पान्याने कळत नाहीत. ज्यांच्या घरात फिटरकाम पिढीजात आहे, त्या बांधवांनी मुलांना आयटीआयमध्ये जरूर पाठवावे आणि विजेचे मीटर वापरायला शिकवावे. पण वडिलांच्या हातचे ज्ञानही त्यांच्याकडून काढून घेऊ नये. यंत्र बदलले तरी बिघाड आधी नीट शोधायचा, मग ग्राहकाला खरा सांगायचा आणि त्यानंतरच पैसे घ्यायचे, ही उस्तादांची रीत बदलत नाही. कापडाच्या धंद्यालाही आम्हाला तीच रीत उपयोगी पडली.

आणि गाडी कलती करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करावा. हे शिकायला आम्हाला तीन साड्या लागल्या. वाचकांना ते फुकट मिळो.