गप्प रिलेची साक्ष

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा विजेच्या रिलेशी काय संबंध, असं आज पुष्कळांच्या मनात आलं असेल. संबंध आहे. यवतमाळ, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगवाल्यांकडे हंगामाच्या तोंडावर विक्रेते येतात. म्हणतात, जुने रिले बदला, नाहीतर निदान तपासून तरी घ्या. मालक म्हणतो, "पंधरा वर्षांत काही झालं नाही, मग कशाला?" हा प्रश्न विजेचा कमी आणि ज्ञानाचा जास्त आहे.

आधी रिले म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरच्या एमसीबीत प्रवाह ओळखणं आणि तोडणं ही दोन्ही कामं एकाच डबीत होतात. अकरा किंवा तेहतीस हजार व्होल्टवर ती वाटून द्यावी लागतात. सीटी मोठ्या प्रवाहाची लहान प्रतिकृती रिलेकडे पाठवतो. रिले ठरवतो की हा रोजचा लोड आहे की फॉल्ट. फॉल्ट असेल तर तो हुकूम देतो, बॅटरीच्या जोरावर ट्रिप कॉइल ओढली जाते आणि ब्रेकर उघडतो. सगळा खेळ सेकंदाच्या अंशात.

रिलेकडून दोन प्रकारची चूक होऊ शकते. बोलायचं तिथे गप्प राहणं ही पहिली. मग ट्रान्सफॉर्मर जळतो, आग लागते, आणि कापसाच्या गंजीजवळची आग म्हणजे काय हे आपल्याकडे सांगायला नको. गप्प राहायचं तिथे बोलणं ही दुसरी. तिसरीही एक आहे, उशिरा बोलणं. समजा, फॉल्ट जिनिंगच्या आत झाला. आधी जिनिंगचा रिले उघडायला हवा आणि उपकेंद्रातल्या रिलेने साधारण ०.३ सेकंद थांबायला हवं. हा क्रम चुकला तर एका कारखान्याच्या बिघाडासाठी अख्खा फीडर बंद पडतो. त्यावरच्या गावांची नळयोजना बंद, शेतातले पंपही बंद.

आता मालकाच्या म्हणण्याकडे वळू. आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेत 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं आहे. खोलीत घडा दिसला नाही, म्हणजे तो तिथे नाही. पण याला एक अट आहे, आणि तीच महत्त्वाची. घडा असता तर तो दिसलाच असता, इतका उजेड खोलीत पाहिजे. अंधारात दिसला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. पंधरा वर्षं रिले गप्प आहे, याचे अर्थ दोन. फॉल्ट आलाच नाही, किंवा रिले मेलेला आहे आणि त्याची परीक्षा पाहणारा फॉल्ट अजून यायचा आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चाचणी म्हणजे त्या खोलीत दिवा नेणं.

पण दिवा खोलीभर फिरवायला हवा. पुष्कळ ठिकाणी चाचणी म्हणजे रिलेत कृत्रिम प्रवाह सोडणं, तो किती वेळात चालतो ते लिहिणं आणि शिक्का मारणं. ते करायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. सीटी उलटा जोडलेला असेल, बॅटरी उतरलेली असेल, ट्रिप कॉइल जळलेली असेल, तर शहाण्या रिलेचा हुकूम पाळणार कोण? रिलेने आज्ञा दिल्यावर ब्रेकर खरोखर उघडतो का, हे डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

मग नवा रिले घेतला की झालं का? जुना रिले चकतीचा असतो, जुन्या वीजमीटरमध्ये फिरायची तशीच चकती. धूळ बसली, बेअरिंग घासलं, की ती मंदावते. नवा न्यूमेरिकल रिले स्वतःची आतली तपासणी करतो, घटनेची नोंद ठेवतो. हे फायदे खरे आहेत. पण आपल्याला दिलेलं सेटिंग चुकीचं आहे हे त्याला कळत नाही.

याचा मोठा दाखला २०१२ सालचा आहे. ३० जुलैला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिडं कोसळली. जवळजवळ ६० कोटी लोकांच्या भागावर त्याचा परिणाम झाला. आपलं पश्चिम ग्रिड वाचलं. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवर. लाइनवर फॉल्ट नव्हता, लोड फार होता. काही मार्ग बंद होते, काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. व्होल्टेज उतरलं, प्रवाह चढला, आणि डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या झोनला तो दूरचा फॉल्ट वाटला. यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याने सांगितलं तेच केलं. म्हणूनच चौकशी समितीने तिसऱ्या झोनच्या सेटिंगचा फेरविचार करायला आणि त्रयस्थांकडून संरक्षणव्यवस्थेचं ऑडिट करून घ्यायला सांगितलं.

तेव्हा विकत काय घ्यायचं? डबी बाजारात मिळते. खरी किंमत विचाराची असते. फॉल्टचा प्रवाह किती येईल, वरच्या आणि खालच्या रिलेशी मेळ कसा बसेल, लोड वाढल्यावर सेटिंग कोण बदलेल, हे विक्रेत्याला विचारा. चाचणीच्या किटचं कॅलिब्रेशन कधी झालं तेही विचारा.

आणि एक वचन कोणी दिलं तर सावध राहा: "तार तुटून पडली की लाइन बंद झालीच समजा." तार उन्हाळ्यात वाळलेल्या जमिनीवर पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की रिलेला तो लोडहून वेगळा दिसतच नाही. संवेदनशील अर्थ फॉल्ट रिलेने मदत होते, खात्री मिळत नाही. म्हणून उपकेंद्रात कितीही नवा रिले बसला, तरी शेतात पडलेली तार जिवंतच समजायची. तिच्याजवळ जायचं नाही, उपकेंद्राला कळवायचं.

हे जो विक्रेता स्वतःहून सांगतो, आणि काय तपासलं याबरोबर काय तपासायचं राहिलं हेही आपल्या अहवालात लिहून देतो, त्याचं बिल चार पैसे जास्त असलं तरी द्यावं, असं आम्हाला वाटतं.